मिठाची रेघ

आज नववी रात्र संपली.
प्रार्थना सांगणारे ओनोफ्रेबुवा कंदील घेऊन उतारानं गेले,
मागे उरली चाळीस माणसांची खरकटी भांडी
आणि मी.
एदुविनाआत्या, तू असतीस तर पुटपुटली असतीस,
"मेलेल्या बाईच्या घरी एवढं जेवतात का कुणी?"
आणि प्रत्येकाच्या ताटात
आणखी एक बटाटा टाकला असतास.

चिलोएच्या या बेटावर
घड्याळ फक्त शाळेत होतं.
तू भरती मोजायचीस.
माझा जन्म ओहोटीचा, असं सांगायचीस,
म्हणून मला सगळं जरा उशिरा कळतं, असंही.

भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला
ती रेघ अजून आहे.
पांढुरकी, वाकडी, खिडकीखाली थोडी चढलेली.

मी सात वर्षांची होते.
पलीकडच्या काठाला तुझ्या अंगणाची माती
दर हिवाळ्यात हातभर खचायची.
गावानं ठरवलं, घर इकडे आणायचं.
पाडून नाही, अख्खं.
खाली ओंडके, पुढे बारा बैलजोड्या,
पाण्याशी आल्यावर चहूबाजूंनी रिकामी पिंपं.
खाट काढली, लोकरीची गाठोडी काढली,
सान अंतोनियोची तसबीर कुणीतरी डोक्यावर धरली.
चूल मात्र तू काढू दिली नाहीस.
स्वतःही निघाली नाहीस.
"घर एकटं कसं जाईल?
ते कधी गेलंय कुठे?"
काठावरून माझा बाप, तुझा धाकटा भाऊ,
अशा शिव्या देत राहिला
ज्या मला अजून कामाला येतात.

मग बोटीनं दोर ताणला
आणि खाडीच्या मधोमध
एक लाकडी घर चाललं,
धुराड्यातून धूर सोडत.
आम्ही पोरं हसत होतो. मोठी माणसं नाही.

इकडच्या काठाला दार उघडलं
तेव्हा आत गुडघाभर पाणी होतं,
तू बाकावर उभी होतीस,
आणि चुलीवर किसलेल्या बटाट्याचे मिलकाओ
एका बाजूनं करपलेले.
"लाटेमुळे," म्हणालीस. "माझ्यामुळे नाही."

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
तुझं तर समुद्रावरून फिरलं,
वासा एक हलला नाही.
फिरायचा तो माणूस आधीच फिरला होता,
मेंढ्यांची लोकर कातरायला पातागोनियात गेला
आणि तिथेच दुसऱ्या चुलीपाशी बसला.
त्याचे बूट तू वापरायचीस, पुढे लोकर कोंबून.
त्याच्याविषयी एवढंच बोलायचीस:
बूट चांगले होते.

दर उन्हाळ्यात भिंती पिवळ्या रंगवायचीस,
रेघेशी आलीस की ब्रश उचलायचीस.
का, म्हणून विचारलं मी.
"एवढं पाणी आलं होतं. मोजून ठेवलेलं बरं."

मी पुएर्तो मोंतला गेले, माशांच्या कारखान्यात,
तेव्हा दोन वर्षं बोलली नाहीस.
फोन उचलायचीस, धरून ठेवायचीस,
मला पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा.
मीही बोलत नसे.
पैसे संपेपर्यंत दोघी तो पाऊस ऐकायचो.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
मागच्या महिन्यात तुझा फोन आला
आणि मी पाळीवर होते.

कागदावर लिहिलंय, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
मी बाहेर जाऊन बघितलं:
पाणी चढत होतं.

भांडी तशीच आहेत.
चूल विझलेली नाही,
चाळिसांतल्या कुणीतरी जाताना लाकूड सारलं असेल.
मी तुझ्या बुटांत पाय घालून
भिंतीपाशी उकिडवी बसले,
रेघेवरून बोट फिरवलं,
जिभेला लावलं.
चव कसलीच नाही. धूळ.
थोडं पुढे सरकून, खिडकीखाली,
पुन्हा लावलं.