आधी काय झालं

वसमतला हळदीचे ड्रम फिरायला लागले
की सुमेध कान दाबून खाली बसतो,
रस्त्याच्या मधोमध, असेल तिथं.
मागं ट्रॅक्टर हॉर्न मारायलाय
आणि मी त्याचा दंड धरून ओढायलोय.
पिवळ्या धुरळ्यातून कोणीतरी म्हणतं,
लाडावलंय लेकरू. ठेवून द्या एक.

दिली होती ठेवून. दोनदा.
हे पहिल्या गुरुवारी नाझनीन मॅडमला सांगितलं नाही.

मॅडम नांदेडहून येतात, आमच्याच डेपोच्या गाडीनं,
सुटे पैसे मुठीत तयार ठेवून.
दवाखान्याच्या मागच्या अंगाला, लसीकरणाच्या शेजारी
त्यांची खोली. सतरंजी, परातभर राजमा,
एक झोका. भिंतीवर घड्याळ नाही,
काही लेकरांना टिकटिक सोसत नाही म्हणून.
मला वाटलेलं, बाटली देतील, सकाळ-संध्याकाळ चमचा.
म्हणल्या, वही करा.
तीन रकाने पाडा.
आधी काय झालं.
त्यानं काय केलं.
मग काय झालं.

मी लिहून नेलं : हट्टीपणा केला.
त्यांनी त्या शब्दाला पेन्सिलीनं गोल केला.
‘हट्टीपणा दिसतो का हो?
दिसतं तेवढंच लिहा.’

बावीस वर्षं वेबिल भरतोय मी.
कुठं चढला, कुठं उतरला, किती घेतले.
तरी ही वही जड जायली.

कुकरची शिट्टी. ताट फेकलं. आई ओरडली.
नवा शर्ट. स्वतःच्या मनगटाला चावला. शर्ट काढला, गप झाला.
(कॉलरचं लेबल टोचत होतं. हे रत्नमालानं चार दिवसांनी शोधलं.)
मी ड्युटीवर. काही नाही.
मी ड्युटीवर. काही नाही. शेजारच्या शेळीला पाला चारला.
मी घरी आलो, बॅग आदळली, काय रे म्हणालो.
कपाटामागं जाऊन बसला.

महिन्याच्या शेवटी सवयीनं बेरीज मांडली.
पहिल्या रकान्यात कुकर तीन,
ड्रम पाच, लेबल एक,
आणि मी, अकरा.

पुन्हा मोजलं. हिशोब जुळत नसला
की रात्री डेपोत मोजतो तसं.
अकराच.

वही पेटीत, शर्टांच्या खाली ठेवली.
दुसऱ्या दिवशी काढली तर माझ्या अकराखाली
रत्नमालाचं अक्षर :
आणि मी, सहा.

त्या गुरुवारी दोघंही गेलो. ते दोन तडाखेपण सांगितले.
मॅडमनी मान खाली घालून लिहून घेतलं.
आईनं सांगितलं असतं तर वाटलं नसतं
एवढं त्या लिहिण्याचं वाटलं.
मग म्हणल्या, तुम्ही येणार हे त्याला
आधी कळतं का?
तुमच्या गाडीत तर एक घंटी थांबायची, दोन निघायच्या.
घरात काय आहे?

घरात काही नव्हतं.

आता दाराची कडी दोनदा वाजवतो,
मग दहापर्यंत मोजतो, मग आत.
बॅग बाहेरच ठेवतो, खुंटीला.
पहिले आठ-नऊ दिवस काही फरक नाही.
एकदा चिडून कडी न वाजवताच शिरलो, तेही लिहिलं.
मग एका रात्री आतून
लाकडावर बोटाची पेरं :
टक. टक.

कोणी बरं झालेलं नाही, हे सांगून ठेवतो.
लोक विचारतात, कधी होईल नीट?
मला त्या प्रश्नाचा थांबा माहीत नाही.

परवा बाजारात ड्रम सुरू झाला.
तो बसला. कान दाबून, मधोमध.
मीही बसलो शेजारी,
ड्युटीच्या खाकीत, हळदीच्या धुळीत.
मागं हॉर्न. कोणीतरी हसलं, मोबाईल काढला.
बऱ्याच वेळानं एक हात कानावरून सुटला
आणि माझ्या गुडघ्यावर
एकदा वाजला.

एकच.
दुसऱ्या घंटीची वाट बघत बसून राहिलो.

रात्री तिसऱ्या रकान्यात लिहिलं :
ट्रॅक्टर वळसा घालून गेला.