मंगळवार, सहा ते आठ

तांपेरेच्या टोकाला, ट्राम जिथं वळसा घेऊन परत फिरते,
आठ मजली इमारतीचं तळघर.
तीन धुलाईयंत्रं, दोन खुर्च्या, सुकवणीची खोली,
आणि खिळ्याला लटकणारी वही:
कुणी, कुठल्या वारी, किती ते किती.
पेन्सिल सुतळीनं बांधलेली. चोरी होते म्हणे.

समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला
बाकीच्यांनी भारदस्त विषय घेतले,
स्थलांतर, बेकारी, धर्म.
ओस्कारीनं अख्खा वर्गसंघर्ष उचलला.
मी वही मागितली, तेव्हा तो हसला,
"लोकांची धुणी धुणं हे कधीपासून संशोधन झालं?"
पिर्यो हसली नाही.
म्हणाली, "जिथं माणसं एकमेकांना टाळतात तिथं जाऊन बस.
आणि मध्ये पडू नकोस."

नोव्हेंबरपासून बसले.
मूग गिळायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही.
जिन्यात पाऊल वाजलं तर
दाराआड माणूस थांबतो, पाऊल जाईस्तोवर.
मीही थांबते. तीही नोंद केली.
माझे रकाने: मदत. कुरबुर. नजर चुकवणं. चिठ्ठी.
("यंत्रात केस सापडले. कुत्र्याचे असल्यास
कुत्र्याला समज द्यावी.")

मंगळवार, सहा ते आठ: ताउनो किवेला, घर एकोणचाळीस.
म्हातारा हात हलवत येतो.
ना टोपली, ना साबण.
मधलं यंत्र रिकामंच लावतो
आणि काचेतून नुसतं पाणी फिरताना बघतो.
सातच्या सुमाराला पाचव्या मजल्यावरची हिल्का
टोपली कमरेवर घेऊन दारात:
"झालं का तुमचं?"
"अजून थोडं."
ती दार आपटते. मी लिहिते, कुरबुर.
अकरा मंगळवार, अकरा कुरबुरी.
टक्केवारी काढली, रकाना लाल रंगवला,
वर्गात दाखवला. शाबासकीही मिळाली.

बाराव्या मंगळवारी हिल्का आली नाही.
तिनं घरातच नवं यंत्र घेतलं होतं, हप्त्यावर.
सात वाजले. सव्वासात.
ताउनोनं दाराकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे, मग परत दाराकडे.
पाणी थांबलं. खोलीत नळ्यांचा आवाज तेवढा.
तो उठला, टोपी चाचपली,
आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला:
"आज कुणी विचारलंच नाही."

पुस्तकात लिहिलंय, निरीक्षकानं हस्तक्षेप करू नये.
का, तेही लिहिलंय, आणि ते मला पटलेलंही आहे.
पेन हातात. रकाने समोर.
घशात काहीतरी कोरडं.
"झालं का तुमचं?" मी विचारलं.
तो खाली बसला.
दुसऱ्या खुर्चीवरचा स्वतःचा कोट उचलून मांडीवर घेतला.
"अजून थोडं," म्हणाला.

पिर्योनं समासात लाल शाईनं लिहिलं: ही ढवळाढवळ आहे.
खाली पेन्सिलीनं, बारीक: मग तो काय म्हणाला?

त्या अकरा कुरबुरी तक्त्यात अजून तशाच आहेत.
खोडरबर घेऊन बसले होते,
पण जागी काय लिहायचं ते सुचलं नाही.
परीक्षा मे महिन्यात. तोवर
वहीत मी मंगळवार, आठ ते दहा, माझं नाव घातलंय.
सातलाच जाते, टोपली घेऊन.
कपडे खरोखरच मळलेले असतात.