डिझेलचं पिंप

म्हापशाच्या दुकानात विजेवरचा स्मोकर होता,
काचेच्या दाराचा, फ्रिजचा चुलतभाऊ वाटावा असा.
दुसरा चिनीमातीचा, अंड्यासारखा;
त्याची किंमत मी विचारलीच नाही.

शेवटी बोस्त्यांवनं डिझेलचं जुनं पिंप
दोनदा जाळून, कापून दिलं.
बिजागरी मोडीत निघालेल्या होडीची.

पहिल्या रविवारी डुकराच्या बरगड्यांचा कोळसा.
दुसऱ्या रविवारी काजूचं लाकूड ओलं निघालं,
शेजारच्या पिएदादनं दोरीवरचे कपडे
न बोलता काढून नेले.

एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशी
धूर बाहेर घालवत बसलो.
आता त्याला म्हणतो, थांब जरा,
मांसापाशी बस.

सहावा तास. हात झाकणाकडे जातोच.
"उघडू नकोस," बोस्त्यांव कुंपणापलीकडून ओरडतो,
"बघून बघून शिजत नाही ते."