पाणसळ

बितोममधल्या आमच्या स्वयंपाकघरात
हातातून बटाटा सुटला की
तो स्टोव्हखालीच जातो.
शोधावा लागत नाही.

यंदा म्हटलं, करूनच टाकू.
डब्यात अकराशे झ्लॉटी,
त्यातले दोनशे दाताच्या डॉक्टरचे,
ते धरायचे नाहीत.
मिस्त्री आला, भिंतींवर टकटक करून गेला.
आकडा सांगताना
त्याचं त्यालाच वर बघवेना.

मग आम्हीच.
शेजारच्या झुझान्नाबाईंच्या न्हाणीघरातून उरलेल्या
एकोणीस फरशा, निळ्या.
बाजारात फुटक्या खोक्यातल्या तेवीस,
जवळजवळ निळ्या.
रंग कुणीतरी परत केलेला, निम्म्या किमतीत.
डब्यावर नाव होतं 'वाळवंटी पहाट',
भिंतीवर उतरला
गार झालेल्या चहाचा रंग.
दुसरा हात दिला की उजळेल, इरेनेउश म्हणाला.
नाही उजळला.

पाणसळ खालच्या गेरार्डची, उसनी,
रविवारी परत द्यायच्या बोलीवर.
कपांची फळी तिच्या हुकमानं बसवली,
बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध
परीक्षेला बसलेल्या पोरासारखा गप्प.
मागं सरून पाहिलं तर
फळी तिरकी.
ओट्याशी तिरकी, खिडकीशी तिरकी.
अख्ख्या घरात ती एकटी सरळ
आणि वाकडी दिसत होती तीच.

उखडली.
जमिनीच्या कलानं लावली.
आता देखणी दिसली.
पहिला कप ठेवला, तो जागचा हलला.
दुसऱ्यानं त्याला रेटलं.
पहिला कप
माझ्या आईनं लग्नात दिलेल्या सहांतला
शेवटचा होता.

इरेनेउश स्टुलावर बसून राहिला.
तेवीस वर्षं तो या गावाखाली उतरत होता.
म्हणाला,
एकोणनव्वदच्या हिवाळ्यात आमची तुकडी
बरोब्बर इथं होती, या गल्लीखाली,
सहाशे मीटरवर.
कोळसा काढायचा, पुढं सरकायचं,
मागचं छत बसू द्यायचं.
पैसे बरे मिळायचे.
हा स्टोव्ह त्याच पैशांतला.
मग टाचेनं जमीन ठोकत, हळूच:
म्हणजे हा उतार
माझ्या हातचा.

मी तुकडे सुपलीत भरत होते.
म्हटलं, मग काम पक्कं करतोस म्हणायचं,
पस्तीस वर्षं टिकलंय.

तो आधी हसला नाही.
मग इतका हसला की
खालून गेरार्डनं छताला काठी मारली.

जुन्या चौकटीची एक पट्टी निघाली,
ती फळीच्या खालच्या टोकाला ठोकली.
आता कप सरकतात, पट्टीला टेकतात,
थांबतात.
पाणसळ परत करताना गेरार्डनं विचारलं,
झालं का सरळ?
हो, म्हणालो दोघंही, एकदमच.

फरशा चव्वेचाळीस लागल्या असत्या.
दोन कमी पडल्या.
स्टोव्हखालची जागा तशीच उघडी ठेवली.
तिथं कोण बघायला जातंय,
बटाट्याशिवाय.