एकच बटण

बर्डीवर घेतला, साडेचारशेचा.
एकच बटण. हलकं दाबलं तर आवाज वाढतो,
जरा रेटलं तर पुढचं गाणं.
आणि घामेजल्या अंगठ्याला
हलकं म्हणजे किती, हे मे महिन्यात कोण सांगणार?

मेडिकलची नाइट संपवून
व्हेरायटी चौकात ऑटोची वाट बघताना
अंतरा येतो, अंगठा घसरतो,
भलतीच ढोलकी सुरू.
दुकानदार गेडाम म्हणाला, "ताई, सवय होते."
काहून व्हावी?

काल ॲप्रनच्या खिशात आपोआप रेकॉर्ड झालं.
सव्वा तास : चपला, ट्रॉलीचं वाकडं चाक,
तेवीस नंबरच्या वॉर्डातल्या कूलरची घरघर,
आणि मी, कुणाला तरी,
"पाणी देऊ का, बाबाजी?"

पुसायचं तर तेच बटण, तीन सेकंद दाबून.
दोनपर्यंत मोजते,
सोडते.