काडी

मिरजेच्या लॅबमध्ये माझं काम मेणाचं.
पोटाचा तुकडा मेणात बसवायचा,
केसाहून पातळ चकती कापायची,
कोमट पाण्यावर ती उलगडली
की काचेवर अलगद उचलायची.

नेमगोंडा चौगुले, वय एकसष्ट, मणेराजुरी.
एकाच गाठीचे सहा ठोकळे.
पहिल्यावर रंग चढला,
चौकटीला गेरू फिरवावा तशा पेशींच्या कडा.
मॅडम म्हणाल्या, याला इंजेक्शन आहे.
चौथा कोरा.
माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा केला.
कोराच.

रिपोर्ट न्यायला ते स्वतः आले.
"लवकर द्या बाई, दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं.
जेवतो म्हणजे, ताटावर बसतो."
कागदाकडं बघून विचारलं,
"ह्यातलं खरं कुठलं?"
सांगणं माझं काम नव्हे.
तरी तोंडातून गेलं, "सगळीच."

ते बाकावर बसले.
"सत्त्याण्णव साली, गोडी छाटणीनंतर,
तिसऱ्या वळीत एका वेलाला
एकाच फांदीवर मणी लांबट धरलं.
खोड तेच, पाणी तेच,
बाकीच्या फांद्यांना गोल.
एका डोळ्यात कायतरी फिरलं हुतं.
त्याच फांदीच्या काड्या मी कलमाला घेतल्या.
पाव्हण्यांनी न्हेल्या, पाव्हण्यांच्या पाव्हण्यांनी न्हेल्या,
आता पार जतपर्यंत हाय त्यो."
मग पोटावर तळहात ठेवून, शांतपणे,
जणू शेजारच्या बागेची चौकशी:
"आन हितली काडी कुणी न्हेली?"

नवव्या दिवशी लिव्हरची सुई आली.
दोऱ्याएवढा सातवा ठोकळा.
रंग धरला नाही त्यानंही.
चौथ्याची लेक, मला वाटलं.
पण चौथ्यात पेशी घोळक्यानं,
ह्या सुट्या सुट्या,
एकमेकींना ओळख न दाखवणाऱ्या.

सुट्टी झाल्यावर सहाही काचा पुन्हा बघितल्या.
चौथीच्या अगदी काठाला,
एका बारीक नसेच्या तोंडाशी,
पाच होत्या. किंवा सहा.

ठोकळा सपाट करताना
वरचं मेण भुग्यासारखं खाली पडतं.
रोज संध्याकाळी मी ते ब्रशनं झाडते,
सुपलीत भरते, टाकून देते.
त्यात काय होतं
हे कुणी कधी विचारलेलं नाही.

आज सुपली तशीच टेबलावर ठेवून
मी दिवा घालवला.