निशाणी: धोटा

निखारेबुवांना कुणीतरी सांगितलं
की गजभिये वकीलबाई जज्जसाठी उभ्या आहेत.
उभ्या, म्हणजे त्यांच्या हिशेबी एकच:
पाचपावलीत भिंती रंगणार, रिक्षावर भोंगा फिरणार,
आणि आदल्या रात्री कुणीतरी दार वाजवणार.

मी म्हटलं, बुवा, परीक्षा असते ती.
लेखी झाली. मुलाखत राहिली आहे, मुंबईला.
चौतिसावं सरतंय माझं, त्यामुळे हीच शेवटची.
त्यांनी मान हलवली, मुरलेला साक्षीदार हलवतो तशी:
ऐकलं सगळं, पटलं काहीच नाही.
"ते ठीक हाय. पण निशाणी कोणती भेटली?"

नाही भेटली, तर त्यांनीच दिली.
पुढच्या तारखेला आले ते हिरवा लेजर पेपर घेऊन.
मोटघरे टायपिस्टानं वर ठोकलं होतं
"कारणे लिहून देतो ऐसाजे की",
आणि त्याखाली बॉलपेननं काढलेला धोटा,
होडीसारखा, जरा वाकडाच.
"हा इकडून जाते, तिकडून येते.
एकाच बाजूनं फिरला
तर कापड होत नाही बाई, गुंता होते."

मग खाली अंगठे.
चहावाल्या रज्जाकभाईचा, साखरेनं चिकट;
त्याची अट, अकराचं कोर्ट अकराला बसलं पाहिजे.
पुकारा करणाऱ्या पुंडलिकचा. सरकारी माणूस,
त्याला असलं काही चालत नाही, तरी दिला,
"माहा घसा गेला, नावं जरा कमी करा."
गड्डीगोदामच्या एका बाईचे दोन, मी तिला ओळखत नाही,
जामिनासाठी आली होती. एक तिचा,
एक आत असलेल्या पोराचा, तोही तिचाच.
तिची अट काही नव्हती.
आणि सगळ्यात खाली विरुद्ध बाजूच्या देशकर वकिलांनी
तारखेसकट ठसठशीत सही ठोकून लिहिलं होतं: हरकत नाही.
एकोणीस वर्षांत या दाव्यात
पहिल्यांदाच त्यांची हरकत नव्हती.

दावा कसला, दीड हात गल्लीचा.
मागाची खोली आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामधल्या.
माग कधीच भंगारात गेला.
फाइल मला सीनियरच्या कपाटातून मिळाली, वाळवीसकट,
आणि मी आल्यापासूनच्या तारखांपैकी
सहा मीच मागून घेतलेल्या.
शेवटची, परीक्षेला बसायचं होतं म्हणून.
अर्जात "वैयक्तिक अडचण" लिहिलं होतं.
बुवांनी तेव्हा विचारलंही नाही, कोणाची.

आता सांगणं भाग होतं.
म्हटलं, बुवा, निवड झालीच
तर आपला जिल्हा देत नाहीत. बुलढाणा, परभणी, कुठंही.
ही फाइल दुसऱ्या कुणाकडे जाईल.
तो आधी वाचायला वेळ मागेल.

लिंबाखालच्या बाकावर ते गप्प बसले.
मे महिना. डांबर मऊ झालेलं,
नोटरीच्या टेबलावरचे कागद दगडाखाली फडफडत.
मी उगाच अंगठे मोजत राहिले.
सत्तावीस. परत मोजले.
बुवांचा त्यात नव्हता.

त्यांच्या लक्षात आलं मी काय शोधतेय ते.
शाई लागलेलं बोट त्यांनी धोतराला पुसलं,
दुसऱ्यांचे अंगठे धरून धरून लागलेली शाई ती.
"इतके दिवस कोर्टात काढले बाई, एवढं तं शिकलो.
माहं मत मी राखून ठेवतो."

कागद मात्र परत मागितला नाही.
टोपी झटकली, उठले, चार पावलं जाऊन वळले.
"पुढची तारीख?"
सव्वीस.
"हौ. येतो."